स्थलांतराच्या कारभारावरचे संशोधन, ज्या देशांत केले तिथे परत कसे न्यावे

परदेशी रोजगारावर संशोधन करणारा विद्यार्थी क्षेत्रकार्य उरकतो, प्रबंध सादर करतो, एखाद्या इंग्रजी नियतकालिकात लेख छापून आणतो आणि काम संपले असे मानतो. बारा तासांची पाळी संपल्यावर ज्यांनी खोलीतल्या बंकवर बसून त्याला मुलाखत दिली, त्यांच्यापर्यंत त्यातले एक पानही पोहोचत नाही. मी स्वतः पहिल्या कामात हेच केले आणि त्याची खंत अजून गेलेली नाही. म्हणूनच या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी, संशोधन ज्या देशांत केले तिथे ते टप्प्याटप्प्याने परत कसे न्यावे, हे येथे सविस्तर मांडत आहे. उदाहरणे प्रामुख्याने तीन ठिकाणची आहेत: नेपाळ, कतार, आणि आपल्याकडचे मुंबई व रत्नागिरी. आखाताकडे जाणारी वाट या तिन्ही ठिकाणांना जोडते आणि तिच्यावर बराच काळ काम केल्यामुळे मी तिच्याविषयी खात्रीने लिहू शकते.

आधी विषयाचे स्वरूप समजून घ्यावे

स्थलांतराचा कारभार म्हणजे केवळ कायदे आणि सरकारी कचेऱ्यांच्या खिडक्या नव्हेत. परदेशी कोणी जावे, कोणाच्या परवानगीने जावे, तिकिटाचा आणि व्हिसाचा खर्च कोणी सोसावा, तिथे गेल्यावर मालक बदलता येईल की नाही, हे कोण आणि कोणाच्या दबावाखाली ठरवते, तो सारा व्यवहार यात येतो. नेपाळ सरकारने जुलै २०१५ मध्ये मलेशिया आणि आखातातील सहा देशांसाठी ‘फ्री व्हिसा, फ्री तिकीट’ धोरण लागू केले. व्हिसा आणि तिकीट मालकाने द्यायचे आणि भरती करणाऱ्या कंपनीने, म्हणजे तिथल्या बोलीत ‘मेनपावर’ने, मजुराकडून जास्तीत जास्त दहा हजार नेपाळी रुपये घ्यायचे, असे ठरले. मेनपावर व्यावसायिकांनी त्याला विरोध केला. मजूर मात्र पुढेही कितीतरी जास्त रक्कम मोजत राहिले आणि हातात पावती दहा हजारांचीच येत राहिली.

आता ‘नियम आहे, पण पैसे तरीही घेतले जातात’ हा साधा निष्कर्ष कोणाकोणाच्या कानावर पडणार आहे, याचा विचार करावा. मजुराला यात नवे काही नाही. काठमांडूतल्या अधिकाऱ्याला तो आपल्या खात्यावरचा आरोप वाटेल, मेनपावरवाला तो धंद्यावर घाला समजेल, आणि दोह्यातला मालक म्हणेल की पैसे नेपाळात घेतले गेले, माझा काय संबंध. या विषयातला प्रत्येक निष्कर्ष कोणाच्या तरी हितसंबंधाला लागतो. त्यामुळे तो कोणाला आधी सांगायचा, कोणत्या शब्दांत सांगायचा आणि कोणासमोर सांगायचा नाही, हे ठरवणे हाही संशोधनाचाच भाग धरावा लागतो.

पहिली पायरी: परतीची तयारी जाण्यापूर्वीच करावी

संशोधन परत नेणे हे शेवटचे काम असले, तरी त्याचे नियोजन पहिले असते. निधीसाठी अर्ज करताना भाषांतर, छपाई, सभागृहाचे भाडे, गावोगावचा प्रवास आणि येणाऱ्यांचा बुडालेला रोज यांसाठी स्वतंत्र तरतूद मागून घ्यावी, कारण प्रबंध संपल्यावर या कामासाठी पैसे मिळत नाहीत. संमतिपत्रात ‘माहिती गोपनीय राहील’ एवढेच लिहून थांबू नये. निष्कर्ष कधी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या मार्गाने परत सांगितले जातील, हेही त्यात असावे. मुलाखतीच्या शेवटी मी आता प्रत्येकाला विचारते की या कामातून तुम्हाला काय कळलेले आवडेल. उत्तरे बहुधा अगदी ठोस मिळतात: भावाच्या मृत्यूनंतर विम्याचे पैसे कोणाकडे मागायचे, कंपनी बंद पडली तर तीन महिन्यांचा थकलेला पगार कुठे मागायचा. प्रबंधाच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध नसला, तरी परत जाताना या प्रश्नांची उत्तरे सोबत असलीच पाहिजेत.

दुसरी पायरी: तिथल्या संशोधकांचा हात धरावा

ज्या देशाचा अभ्यास करायचा तिथे या विषयावर वर्षानुवर्षे काम करणारे लोक असतातच. काठमांडूत सोशल सायन्स बहा या संस्थेचे श्रम आणि स्थलांतर अध्ययन केंद्र २००९ पासून काम करते. ढाक्यात ‘रामरू’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे संशोधन केंद्र आहे. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने १९९८ पासून केरळ स्थलांतर पाहणीच्या फेऱ्या घेतल्या. या पाहणीकडे नवोदितांनी बारकाईने पाहावे. तेच प्रश्न ठरावीक वर्षांनी पुन्हा विचारले गेले आणि त्यांची उत्तरे राज्य सरकारच्या टेबलावर आणि मल्याळी वर्तमानपत्रांत पोहोचत राहिली. त्यामुळे आखातात किती जण गेले, किती परत आले आणि घरी किती पैसा आला, यावर केरळात होणाऱ्या चर्चेला आकड्यांचा भक्कम आधार मिळाला. अहवाल एकदाच काढून ते जमले नसते.

स्थानिक सहकारी केवळ वाटाड्या आणि दुभाषी म्हणून नेमणे मला अन्यायाचे वाटते. प्रश्नावली ठरवताना, निष्कर्ष लिहिताना आणि लेखकांच्या नावांतही ते असले पाहिजेत, कारण आपण विमानात बसून निघून येतो आणि निष्कर्षांचे परिणाम भोगायला ते तिथेच राहतात. भारतातून नेपाळला जाणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण मोठ्या शेजाऱ्याकडून आलेलो असतो आणि समोरच्याच्या मनात ते असतेच. भारत आणि नेपाळ यांच्यातल्या १९५० च्या करारामुळे भारतात येणाऱ्या नेपाळी माणसाला श्रम स्वीकृती, म्हणजे परदेशी कामाला जाण्याची नेपाळ सरकारची परवानगी, लागत नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत रात्रभर राखण करणारे नेपाळी लोक त्या देशाच्या परदेशी रोजगाराच्या आकडेवारीत दिसतच नाहीत. आखातात घरकामासाठी जाणाऱ्या स्त्रियांवर नेपाळने वेळोवेळी बंदी घातली, तेव्हा त्यांतल्या अनेकजणी भारतातल्या विमानतळांवरूनच पुढे गेल्या. काठमांडूच्या सभेत कतारच्या नियमांवर बोलणाऱ्या भारतीय संशोधकाला हे प्रश्न विचारले जाणारच, आणि त्यांची उत्तरे त्याने टाळू नयेत.

तिसरी पायरी: कोणाला इजा होईल, याची यादी करावी

या पायरीवर घाई करू नये, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या हिच्यावर अवलंबून आहेत हे विसरू नये. न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अँड्र्यू रॉस हे अबू धाबीतल्या मजुरांच्या स्थितीवर लिहीत होते. मार्च २०१५ मध्ये त्यांना संयुक्त अरब अमिरातीत प्रवेशबंदी असल्याचे विमानतळावर सांगून विमानात चढू दिले गेले नाही. डरहॅम विद्यापीठाचे विद्यार्थी मॅथ्यू हेजेस यांना मे २०१८ मध्ये दुबईच्या विमानतळावर अटक झाली आणि नोव्हेंबरमध्ये जन्मठेपेची शिक्षा सुनावली गेली. काही दिवसांनी माफी देऊन त्यांना सोडण्यात आले. त्यांचा विषय सुरक्षा धोरणाचा होता, स्थलांतराचा नव्हता. पण कोणता विषय केव्हा संवेदनशील ठरेल हे बाहेरून आलेल्याला उमगत नाही, हे त्यातून दिसते. मे २०२१ मध्ये कतारमधल्या एका केनियन सुरक्षारक्षकाला जवळपास महिनाभर डांबून ठेवण्यात आले आणि पुढे दंड झाला. मजुरांच्या राहणीविषयी तो टोपणनावाने इंटरनेटवर लिहीत होता. प्राध्यापकाचे विमान चुकले, पण या माणसाची नोकरी आणि स्वातंत्र्य पणाला लागले. आपल्या मुलाखती देणारे बहुतेक लोक त्या सुरक्षारक्षकाच्या जागी असतात.

म्हणून नाव बदलले म्हणजे काम झाले असे समजू नये. गावाचे नाव, कंपनीचा प्रकार आणि अपघाताचा महिना या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस ओळखता येतो. छायाचित्रातली भिंत, ध्वनिफितीतला आवाज आणि हेल, कपड्यावरचे कंपनीचे चिन्ह यांतूनही तो ओळखता येतो. मजुरांच्या व्हॉट्सॲप गटात फोरमन किंवा कंपनीचा माणूस असू शकतो, तेव्हा त्या गटात काही टाकण्यापूर्वी दहादा विचार करावा. ज्या व्यक्तीचा करार अजून चालू आहे, तिच्या हकिकतीवर आधारलेला भाग ती घरी परतेपर्यंत रोखून धरावा. लेख वर्षभर उशिरा निघाला तरी चालेल. कतारमध्ये परदेशी मजुरांना संघटना काढता येत नाही, म्हणून तिथे मजुरांची सभा बोलावण्याचा विचारही करू नये. तेच निष्कर्ष परतलेल्या मजुरांना त्यांच्या मायदेशात सांगता येतात. दोह्यात एप्रिल २०१८ पासून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे कार्यालय आहे, तिथे आणि विद्यापीठांत ते वेगळ्या स्वरूपात मांडता येतात.

चौथी पायरी: भाषा आणि शब्द पारखून घ्यावेत

नेपाळी देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे मराठी माणसाला ती आपल्याला येतेच असा भास होतो. माझ्या पहिल्या नेपाळी पत्रकाचा मसुदा वाचताना ‘शिक्षा’ या शब्दावर मी अडखळले. मजुरांच्या मुलांच्या शिक्षेचा खर्च, असे वाक्य होते, आणि मुलांना दंड कसला, असा प्रश्न मला पडला. नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण. ‘संसार’ म्हणजे जग. कायद्याचे नाव ‘वैदेशिक रोजगार ऐन, २०६४’ असे दिसले तर गोंधळू नये; ते विक्रम संवताचे वर्ष असून कायदा इसवी सन २००७ चा आहे. नेपाळी वाचकांसाठीच्या पत्रकात तारखा त्यांच्याच संवतात द्याव्यात.

याहून मोठी चूक अशी की नेपाळी भाषांतर झाले म्हणजे नेपाळमधल्या सगळ्यांपर्यंत पोहोचलो असे धरून चालणे. ज्या धनुषा जिल्ह्यातून मोठ्या संख्येने लोक आखातात जातात, तिथे घराघरांत मैथिली बोलली जाते, आणि गावात मागे राहिलेल्या बायका पत्रक वाचण्यापेक्षा ऐकणे पसंत करतात. तिथे मैथिलीत बोलणारी स्थानिक कार्यकर्ती आणि वीस मिनिटांची ध्वनिफीत छापील पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

कागदावरचे शब्द आणि मजुरांच्या तोंडचे शब्द यांतही मोठे अंतर असते. ‘प्रायोजकत्व व्यवस्था’ म्हटले तर रत्नागिरीतल्या खेडच्या माणसाला काही उमगत नाही. ‘कफील’, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो तिथला मालक, म्हटले की सगळे कळते. ‘फरार झाल्याची तक्रार’ म्हणजे ‘हुरूब’, कायमचे परत निघणे म्हणजे ‘खुरूज’, आणि कफीलाला पैसे देऊन नावापुरता व्हिसा घ्यायचा व काम दुसरीकडे शोधायचे तो ‘आझाद व्हिसा’. हे शब्द जसेच्या तसे वापरावेत, त्यांचा अर्थ पहिल्या वेळी समजावून सांगावा आणि मसुदा छापण्यापूर्वी परतलेल्या दोन-तीन माणसांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. ते जिथे थांबतात ते वाक्य बदलावे.

पाचवी पायरी: सांगण्याचा क्रम ठरवावा

सर्वप्रथम ज्यांच्याविषयी लिहिले ते मजूर आणि त्यांची कुटुंबे, मग त्यांच्यात काम करणाऱ्या संस्था, मग अधिकारी आणि सर्वात शेवटी वर्तमानपत्रे, असा क्रम मी पाळते. आपल्याविषयीची गोष्ट आधी पेपरात वाचण्याची पाळी कोणावर येऊ नये. एजंट आणि मजूर यांना पहिल्याच सभेत एकत्र बसवू नये, कारण पुढच्या खेपेचा व्हिसा ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर मजूर बोलत नाही.

तरीही एजंट कोण हे गृहीत धरू नये, असे मला खेड तालुक्यातल्या एका गावात शिकायला मिळाले. मशिदीजवळच्या शाळेच्या खोलीत वीस-पंचवीस माणसे जमली होती आणि मी एजंटांकडून होणाऱ्या फसवणुकीचा भाग वाचून दाखवत होते. बावीस वर्षे आखातात काढून परतलेले एक चाचा उठले आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही एजंट म्हणता तो माझ्या मावशीचा मुलगा. पैसे जास्त घेतले, हे खरं. पण बापाच्या ऑपरेशनला पैसे त्यानंच दिले. त्याला चोर लिहिलंत तर मी उद्या कोणाच्या दारात उभा राहू?” खोलीतले निम्मे लोक मान हलवत होते. त्या संध्याकाळी मी तो सगळा भाग नव्याने लिहायला घेतला. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पैसे घेतले जातात हा निष्कर्ष कायम राहिला. पण ते पैसे नात्यातून, उसनवारीतून आणि भिडेतून कसे वसूल होतात, कायद्याचा हात तिथपर्यंत का पोहोचत नाही, आणि तक्रार करा एवढे सांगून का भागत नाही, हे त्या चाचांमुळे मला समजले. सभेत आलेला आक्षेप टिपून घ्यावा, तो मान्य केला तर अंतिम मजकुरात तसे नमूद करावे, आणि मान्य नसेल तर का नाही हेही लिहावे.

सभा केव्हा घ्यावी याचेही गणित असते. नेपाळात दसैं-तिहारच्या, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या, सुमारास बाहेरची माणसे घरी येतात. कोकणातल्या मुसलमान वस्त्यांत ईदच्या आगेमागे आणि मे महिन्यात आखातातले लोक भेटतात. रमजानच्या दिवसांत दुपारी सभा ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको. १८ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्थलांतरित दिन असल्याने वर्तमानपत्रे त्या आठवड्यात या विषयाला जागा देतात; त्यांच्यासाठीचा लेख तेव्हा तयार असावा.

सहावी पायरी: अधिकाऱ्यांसाठी दोन पाने

अधिकाऱ्याला दोनशे पानांचा प्रबंध देऊन काही साधत नाही. दोन पानांत कलम कोणते, प्रत्यक्षात काय घडते आणि काय बदलता येईल, एवढेच असावे. भारतात आजचा व्यवहार १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यावर चालतो. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘उत्प्रवासन तपासणी आवश्यक’, अशी नोंद असते आणि त्यांना ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना परवानगी लागते. नोंदणीकृत भरती एजंटाला तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. या कारभाराची सूत्रे परराष्ट्र मंत्रालयाकडे आहेत, कारण २००४ साली स्थापन झालेले प्रवासी भारतीयांचे स्वतंत्र मंत्रालय २०१६ मध्ये त्यात विलीन झाले. ‘मजुरांच्या अडचणी’ असे मोघम लिहिलेले टिपण त्या मंत्रालयात बाजूला पडते. ‘तीस हजारांच्या मर्यादेची पावती मिळते, उरलेली रक्कम रोखीने पोटएजंटाकडे जाते आणि पोटएजंटाचे नाव कुठल्याच नोंदीत नसते’, असे लिहिले तर निदान त्यावर प्रश्न विचारता येतो.

टिपण आधीच तयार असण्याचा उपयोग प्रत्यक्ष दिसला तो नव्या कायद्याच्या मसुद्यांच्या वेळी. २०१९ आणि २०२१ साली उत्प्रवासन विधेयकाचे मसुदे जनतेच्या सूचनांसाठी खुले झाले. अशा वेळी मुदत थोडी असते आणि ज्यांच्याकडे कलमवार मजकूर तयार असतो त्यांचेच म्हणणे वेळेत पोहोचते. त्यासाठी आपले निष्कर्ष कायद्याच्या कलमांना जोडून, एका तक्त्यात, वर्षभर जवळ ठेवावेत. अधिकारी बदलून जातात, म्हणून टिपण व्यक्तीच्या नावे न पाठवता पदाच्या नावे पाठवावे आणि पोच घ्यावी.

सातवी पायरी: मजकूर मोफत उपलब्ध ठेवावा

नियतकालिकाचा लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल, तर काठमांडूतला विद्यार्थी तो वाचू शकणार नाही. बऱ्याच प्रकाशकांच्या नियमांनुसार लेखकाला स्वीकृत हस्तलिखित आपल्या विद्यापीठाच्या संग्रहात ठेवता येते. करारावर सही करण्यापूर्वी हे कलम वाचावे. मुलाखतींचे मूळ मजकूर मात्र कोणत्याही खुल्या संग्रहात टाकू नयेत.

आठवी पायरी: पत्रकावर तारीख घालावी आणि पुन्हा जावे

कतारमध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलता येत नसे. २०२० च्या कायद्याने ती अट काढली, आणि मार्च २०२१ पासून दरमहा १,००० रियाल हे किमान मूळ वेतन सर्वांना लागू झाले. त्याआधी छापलेले माझे पत्रक ‘ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलू नका, हुरूब लागेल’ असे सांगत होते. कायदा बदलल्यावरही ते एका गावातल्या दुकानाच्या भिंतीवर चिकटलेले मला दिसले, आणि दुकानदाराने सांगितले की गेल्याच महिन्यात एकाने ते वाचून नोकरी बदलण्याचा बेत सोडला होता. त्या दिवसापासून प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर मी ठळक अक्षरांत तारीख घालते, कोणत्या गावात किती प्रती दिल्या याची वही ठेवते, आणि नियम बदलला की आधी त्या वहीतल्या गावांना फोन करून जुनी पत्रके उतरवून घेते. नवीन प्रत नंतर छापली तरी चालते. जुनी त्याच आठवड्यात भिंतीवरून निघाली पाहिजे.